इथेनॉल-मिश्रित पेट्रोल

उसाचा रस, मळी किंवा धान्य आंबवून मिळवलेले निर्जल इथेनॉल मिसळलेले पेट्रोल. २००१ साली भारतात याच्या पहिल्या चाचण्या झाल्या, त्यांत मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण लागू झाले. देशाने २०२२ मध्ये १० टक्के, तर २०२५ मध्ये २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला.

इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलपेक्षा जास्त असतो, पण एका लिटरमधील ऊर्जा सुमारे दोन-तृतीयांशच भरते. शिवाय त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. इंजेक्शनच्या इंजिनात संवेदक हा फरक ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जुन्या दुचाकीत जेटचे छिद्र ठरलेले असल्याने इंधन अपुरे पडते; घाट चढताना गाडीचा दम कमी होतो, इंजिन जास्त तापते. जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगतात, टाकीतला साचलेला गाळ सुटून फिल्टरमध्ये अडकतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात काही जुन्या चारचाकींचे मायलेज ६-७ टक्क्यांनी घटेल असे म्हटले होते.

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्यासारख्या धो-धो पावसाच्या डोंगराळ भागात खरा शत्रू पाणी आहे. इथेनॉल ओलावा शोषते. पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की ते इथेनॉलसह तळाशी बसते आणि गाडी सुरूच होत नाही. म्हणून पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवावी, झाकणाचे रबर तपासावे, कॅनमध्ये पेट्रोल फार दिवस साठवू नये.

या तालुक्यांत अल्कोहोलचा जुना स्रोत म्हणजे मोह. त्याच्या वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखर असते, त्यामुळे इंधनासाठी मोहाचे नाव अधूनमधून घेतले जाते. परंतु भट्टीवर गाळलेली दारू इंजिनात चालत नाही. साध्या ऊर्ध्वपातनाने अल्कोहोल सुमारे ९५ टक्क्यांपुढे शुद्ध होत नाही, आणि पेट्रोलसाठी ते ९९.५ टक्के लागते. उरलेले पाणी कारखान्यातच काढावे लागते. मोहफुले वारली, कोकणा, कातकरी घरांत खाल्लीही जातात, आणि ती वेचणाऱ्यांचा हक्क इंधनाच्या हिशेबाआधी यायला हवा. घरोघरी दारू गाळली जाऊ नये म्हणून मुंबई सरकारने १८९२ साली खास कायदा करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत या फुलांच्या साठ्यावर निर्बंध घातले होते. महाराष्ट्रात मोहफुले गोळा करण्यावरचे व साठवण्यावरचे निर्बंध २०२१ मध्ये उठले.