तरतमभाव

लोकलच्या डब्यात ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी राखीव’ अशी पाटी असते. मुलुंड घ्या, बोरिवली घ्या, पोलीस ठाण्यात ‘वरिष्ठ पोलीस निरीक्षक’ असतात, आणि दहावी झालेली मुले ‘कनिष्ठ महाविद्यालया’त जातात. संस्कृतच्या हिशेबाने हे तिन्ही शब्द शेवटच्या पायरीवरचे. ‘इष्ठ’ प्रत्यय लागला की त्यापुढे कोणी नाही. ज्येष्ठ म्हणजे सर्वांत थोरला. मग एका बाकावर तीन-तीन सर्वांत थोरले कसे बसतात? आणि वरिष्ठांनाही वरिष्ठ असतातच! गंमत म्हणजे ज्यांना प्रतिशब्द म्हणून ज्येष्ठ-कनिष्ठ आले, ते सीनियर आणि ज्युनियर हे लॅटिनमध्ये फक्त ‘अधिक वयाचा’ आणि ‘अधिक तरुण’ एवढेच सांगतात.

पाणिनीने नियम घालून दिला होता. दोघांत तुलना असेल तर ‘तर’ किंवा ‘ईयस्’, अनेकांत असेल तर ‘तम’ किंवा ‘इष्ठ’. आपला ‘तरतमभाव’ त्यातूनच आला. मराठीपर्यंत येता येता हे प्रत्यय झिजले. मराठीने विशेषणाला हात लावणेच सोडून दिले. उंच तो उंचच. तुलनेचे ओझे शेजारच्या शब्दाने वाहायचे. त्याच्याहून उंच, त्याच्यापेक्षा उंच, सगळ्यांत उंच. हा ‘पेक्षा’ म्हणजे संस्कृत ‘अपेक्षा’चा तुकडा, एकाकडे पाहून दुसऱ्याला मापायचे.

जुने शब्द मात्र राहिले, अर्थ विसरून. ‘श्रेष्ठ’मधले शिखर दिसेनासे झाले म्हणून आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणू लागलो, तेवढ्यानेही भागेना म्हणून ‘श्रेष्ठतम’. ज्याच्यासाठी पुढारी भांडतात ते ‘श्रेय’ मुळात ‘अधिक चांगले’ एवढेच होते. मला सर्वांत आवडतो तो ‘बेहत्तर’. फारसीत ‘बेह’ म्हणजे चांगले, त्याला ‘तर’ लागला. हा ‘तर’ आणि संस्कृतचा ‘तर’ एकाच कुळातले. ‘प्राण गेला तरी बेहत्तर’ म्हणणारा खरे तर तोलून बोलत असतो: शरण जाण्याहून मरण बरे. तुलनेची दुसरी बाजू गळाली आणि नुसती बेदरकारी उरली.

पण मला काळजी आहे ती ‘परीस’ची. ‘तुझ्यापरीस मी मोठा’ हा जुन्या मराठीतला प्रयोग. गोव्याच्या कोकणीत ‘परस’ आजही रोजचा आहे. गावाकडून आलेल्या माणसांनी तो आपल्या उपनगरांतही आणला, आणि मुलांच्या वहीत त्यावर लाल रेघ मारून ‘पेक्षा’ लिहिलेले मी पाहिले आहे. ही चूक नव्हे. ‘परीस’ला ‘पेक्षा’इतकाच मान आहे.

इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्निश भाषा होती. तिच्यात ‘तेग’ म्हणजे सुंदर आणि ‘तेक्का’ म्हणजे अधिक सुंदर; सर्वांत सुंदर म्हणायलाही ‘तेक्का’च. ती बोलणारी शेवटची म्हणून जिचे नाव घेतात ती डॉली पेंट्रीथ 1777 साली वारली. 1904 मध्ये हेन्री जेनर यांनी त्या भाषेचे पुस्तक काढले, आणि तिला पुन्हा बोलते करू पाहणाऱ्यांना ‘तेक्का’ छापील पानावरून शिकावा लागला. ‘परीस’ मला अजून घाटकोपरच्या भाजीबाजारात ऐकू येतो.