काळी आणि पांढरी

१९४९ साली जुन्या साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली-मिरजेसारखी विलीन झालेली संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला. १९६० साली त्यालाच सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्यांच्या सीमा अशा बदलतात. कृष्णाकाठची काळी माती मात्र वाईपासून मिरजेपर्यंत एकच राहिली आहे, आणि आम्हांला आज बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

आपल्या पूर्वजांनी गावाचे दोन भाग केले होते: काळी आणि पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर राहायचे. शेकडो वर्षांच्या पडक्या भिंतींची माती आणि चुलींची राख साचून पांढरीची टेकाडे उंच झाली. काळीवर घर टिकत नाही, हे भूशास्त्र न शिकताही त्यांना ठाऊक होते. पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते. मग तिच्यावरची भिंत कशी शाबूत राहणार?

याचे कारण शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात उलगडले. बेसाल्ट खडक झिजून झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात. चुना मिसळला म्हणजे त्यातील कॅल्शियममुळे कण गुठळ्या धरतात, माती भुसभुशीत होते आणि तिचा चिकटपणा जातो. पुढे काही आठवडे मातीतील सिलिका व अ‍ॅल्युमिना यांच्याशी चुन्याचा संयोग होऊन ती घट्ट बांधली जाते. यासाठी बहुधा मातीच्या वजनाच्या ३ ते ८ टक्के चुना पुरतो.

मग सिमेंट का नको? सिमेंट रेताड मातीत उत्तम काम देते. अमेरिकेत १९३५ साली दक्षिण कॅरोलिनात त्याचा रस्ता झाला. पण चिकण मातीच्या ढेकळांत ते नीट मिसळतच नाही. म्हणून आधी चुन्याने माती मोकळी करावी आणि जरूर तर मागून सिमेंट घालावे.

यातील मौज अशी, की हे औषध काळीच्याच पोटात आहे. तिच्यात सापडणारी चुनखडी भाजून, विझवून, बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळून आपले वाडे आणि घाट उभे राहिले. या चुनखडीत मुळातच थोडी चिकण माती असल्यामुळे तिचा चुना ओलीतही धरतो. पुढे सिमेंटची पोती आली, घाणी थांबली, आणि चुन्याबरोबर त्याची जाणही गेली.

आज पांढरी अपुरी पडून घरे काळीवर चढली आहेत. २००५ आणि २०१९ च्या महापुरांत सांगलीकरांनी पाणी पाहिले. पण पूर नसलेल्या वर्षीही काळी आपले काम करीतच असते. जन्मभराच्या पुंजीतून बांधलेल्या घराला दोन पावसाळ्यांत तडा गेला, तर दोष एकट्या गवंड्याचा नव्हे. पायाखालची माती तपासून घेण्याचा खर्च घराच्या मानाने थोडका असतो. पूर्वजांनी काळी टाळली. आपल्याला ती टाळता येणार नाही. तेव्हा निदान तिला ओळखून तरी घर बांधावे, एवढेच आमचे सांगणे आहे.