कर्करोगाची बाटली, डोळ्याचा थेंब

2005 च्या आधी म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यावरच्या मॅक्युलाचा आजार झाला की आम्ही थिएटरातल्या सिस्टर रुग्णाशी जरा जपूनच बोलायचो. मॅक्युला हा पडद्याचा मधला भाग, बारीक बघण्याचं सगळं काम त्याचं. त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात आणि माणसाला खिडकीचे गज वाकडे दिसायला लागतात. मग मधोमध डाग. दाराची चौकट दिसते, दारात उभ्या असलेल्या नातवाचा चेहरा तेवढा दिसत नाही. लेझरने त्या वाहिन्या जाळता यायच्या, पण त्यांच्यासोबत वरचा पडदाही जळायचा. 2000 साली व्हिझुडाइन हे औषध आलं. ते शिरेतून द्यायचं, मग थंड लेझर मारायचा आणि पुढे काही दिवस रुग्णाने उन्हात पाऊल टाकायचं नाही. पुण्यात मे महिन्यात हे पथ्य पाळून दाखवा! आणि एवढं करून मिळायचं काय, तर जाणारी नजर जरा सावकाश जायची.

आज या आजारावर डोळ्यात इंजेक्शन देतात आणि त्यातलं कुठलं चांगलं, असं प्रत्येक नातेवाईक विचारतो. त्या तुलनेचं मूळ कॅलिफोर्नियातल्या जेनेनटेक कंपनीत आहे. तिथे 1989 मध्ये नेपोलिओने फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं व्हेजएफ हे प्रथिन वेगळं काढलं. ते अडवायला कंपनीने एकाच मुळापासून दोन औषधं बनवली. अख्खी अँटिबॉडी म्हणजे अव्हॅस्टिन, आतड्याच्या कर्करोगासाठी. तिचा छोटा तुकडा म्हणजे ल्युसेंटिस, डोळ्यासाठी. अख्खा रेणू मोठा, तो पडद्यातून आत झिरपणार नाही, असा हिशोब होता. कागदावर तो पटण्यासारखाच होता.

अव्हॅस्टिनला फेब्रुवारी 2004 मध्ये परवानगी मिळाली. ल्युसेंटिसच्या चाचण्या चालूच होत्या. डिसेंबरात मॅक्युजेन नावाच्या पहिल्या इंजेक्शनला परवानगी मिळाली, पण त्यानेही नजर परत येत नव्हती. मायामीच्या बॅस्कम पामर संस्थेतले डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांच्यासमोर रोज आंधळे होत चाललेले रुग्ण बसत होते आणि ल्युसेंटिसचं भावंड अव्हॅस्टिन शेजारच्या कर्करोग विभागात मिळत होतं. त्यांनी आधी ते शिरेतून देऊन पाहिलं. नजर सुधारली, पण रक्तदाब चढला. साठ किलोच्या माणसाला शिरेतून 300 मिलिग्रॅम लागतं. मे 2005 मध्ये त्यांनी त्यातला अगदी थेंबभर थेट डोळ्यात दिला. आठवड्याभरात पडद्याखालचं पाणी ओसरलं. मोठ्या रेणूचा हिशोब तिथेच चुकला.

मग ही गोष्ट वाऱ्यासारखी पसरली. जून 2006 मध्ये ल्युसेंटिसला परवानगी मिळाली, तोवर जगभरचे डॉक्टर अव्हॅस्टिन वापरत होते. ल्युसेंटिसचे आकडे खरोखर थक्क करणारे होते. दर तीन-चार रुग्णांमागे एकाला तक्त्यावरच्या तीन ओळी जास्त वाचता येऊ लागल्या. असं आधी कधी झालंच नव्हतं. पण अमेरिकेत एका डोसाला दोन हजार डॉलर, आणि अव्हॅस्टिनचा डोस पन्नास डॉलरचा.

ते पन्नास कसे, हे मी हातांनी केलं आहे. बाटली 4 मिलिलिटरची, तीत 100 मिलिग्रॅम औषध. डोळ्याला लागतं 0.05 मिलिलिटर, म्हणजे सव्वा मिलिग्रॅम. निर्जंतुक हवेच्या लॅमिनार फ्लोखाली, हातमोजे घालून, एका बाटलीतून ओळीने सिरिंज भरायच्या, लेबल लावायचं, फ्रिजमध्ये ठेवायच्या. बाटली वाया जाऊ नये म्हणून पडद्याचे सगळे रुग्ण आम्ही एकाच दिवशी बोलवायचो. बीटाडीनचा थेंब, पापण्या धरून ठेवणारी क्लिप, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर 30 नंबरची सुई. इंजेक्शनला सेकंद लागतात. खरा जीव सिरिंज भरताना टांगणीला, कारण तिथे एक जंतू शिरला तर त्या दिवशीच्या सगळ्यांचेच डोळे धोक्यात. 2016 च्या जानेवारीत गुजरातमध्ये काही रुग्णांना असा त्रास झाल्यावर केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यात अव्हॅस्टिन वापरण्याविरुद्ध इशारा काढला. नेत्रतज्ज्ञांच्या संघटना धावून गेल्या आणि मार्चमध्ये तो मागे घेतला गेला. मधल्या दिवसांत एका काकूंनी मला विचारलं, “सिस्टर, स्वस्त म्हणून वाईट की वाईट म्हणून स्वस्त?” मी म्हटलं, “काकू, बाटली चांगलीच आहे, भरणारा हात बघा.”

दोन्ही औषधं एकमेकांसमोर उभी करण्यात कंपनीला कसला रस असणार? ते काम अमेरिकी सरकारच्या पैशाने झालं. कॅट नावाच्या त्या चाचणीत बाराशेच्या आसपास रुग्ण होते आणि 2011 मध्ये निकाल लागला: दरमहा इंजेक्शन घेणाऱ्यांना वर्षाअखेर अव्हॅस्टिनने 8 अक्षरं जास्त दिसली, ल्युसेंटिसने साडेआठ. अव्हॅस्टिनच्या गटात इतर गंभीर आजारपणं थोडी जास्त होती, त्यावर वाद झडला, पण नजरेचा प्रश्न निकालात निघाला. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अव्हॅस्टिनमधलं बेव्हॅसिझुमॅब डोळ्यांसाठी आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. पुढच्याच वर्षी इटलीने अव्हॅस्टिन विकणाऱ्या रोशला आणि ल्युसेंटिस विकणाऱ्या नोव्हार्टिसला मिळून अठरा कोटी युरोंहून जास्त दंड केला. स्वस्त औषधाबद्दल भीती पसरवून डॉक्टरांना महागड्याकडे वळवलं, असा ठपका होता. आपल्याकडे 2015 मध्ये अहमदाबादच्या इंटासने रॅझुमॅब काढलं. ल्युसेंटिसचं हे भारतीय जुळं औषध आल्यावर मधल्या उत्पन्नाच्या घरांना तिसरा रस्ता मिळाला.

आता भांडण दोन इंजेक्शनांमधल्या महिन्यांचं आहे. 2011 च्या आयलियाने दोन महिन्यांवर नेलं, 2022 च्या व्हॅबिस्मोने काहींना चारवर. सातारा-सोलापूरहून एसटीने येणाऱ्या आजोबांना एक फेरी वाचणं हे औषधाच्या किमतीइतकंच मोठं असतं, त्यामुळे या सुधारणेला मी नाकं मुरडणार नाही. मधे 2019 मध्ये बिओव्हू आलं, त्याने काही रुग्णांच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या सुजल्या आणि डॉक्टर सावध झाले. पण एक गोष्ट मला खटकते. बिओव्हू काय, व्हॅबिस्मो काय, परवानगीच्या चाचण्यांत दोघांनी स्पर्धक म्हणून महागडं आयलियाच निवडलं. पन्नास डॉलरच्या सिरिंजशी पंजा लढवायला कोणी पुढे आलं नाही. 2024 मध्ये युरोपने खास डोळ्यासाठी बनवलेल्या बेव्हॅसिझुमॅबला परवानगी दिली, लिटेनाव्हा नावाने. औषध तेच, आता अधिकृत लेबलाचं. आणि भावही अर्थातच लेबलाचा.