नौकाबांधणी-शिक्षण

नौकाबांधणी-शिक्षण : किशोर व तरुण मुलामुलींकडून पाण्यात प्रत्यक्ष चालणारी होडी बांधून घेऊन त्यांना हस्तकौशल्य, व्यवहारी गणित, सहकार्य आणि आत्मविश्वास शिकविण्याची पद्धती. तिचा संघटित प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः अमेरिका व ब्रिटन येथे झाला. व्यावसायिक गोदीतील उमेदवारीहून ती निराळी आहे. गोदीत शिकाऊ कामगार होडीसाठी असतो, येथे होडी शिकणाऱ्यासाठी असते. तथापि ती खरी, माणसे वाहून नेणारी असावी लागते. शोभेच्या प्रतिकृतीने हा हेतू साधत नाही.

पूर्वपीठिका : जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांनी स्कॉटलंडमधील गॉर्डनस्टन शाळेत (१९३४) व पुढे वेल्समधील ॲबरडोव्ही येथे सुरू झालेल्या आउटवर्ड बाउंड चळवळीत (१९४१) समुद्रावरील अनुभवाला शिक्षणात स्थान दिले. त्यांचा भर नौकानयनावर होता. होडी बांधण्याला शिक्षणाचे माध्यम करण्याचे काम नंतरच्या पिढीने केले.

दुसरा प्रवाह घरगुती बांधणीचा. फ्लॉरिडातील क्लिअरवॉटर येथे क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी ‘ऑप्टिमिस्ट’ ही शिडाची होडी आखली. ८ फूट × ४ फूट मापाच्या प्लायवुडच्या दोन तक्त्यांत ती बसवायची होती, म्हणून तिचे नाक बोथट राहिले व लांबी सु. २.३ मी. झाली. बापलेकांनी मिळून घरी बांधावी अशी ती होडी आज १५ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शर्यतींचा आंतरराष्ट्रीय वर्ग आहे. मात्र आता ती बहुधा फायबरची तयार मिळते. ब्रिटनमध्ये जॅक होल्ट व बॅरी बकनेल यांच्या ‘मिरर’ने (१९६२) पुढची वाट दाखविली. डेली मिरर या वृत्तपत्राच्या पाठबळाने निघालेल्या या होडीच्या प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी राळेने चिकटवायची, अशी रीत होती. सुतारकाम न येणाऱ्यालाही ती जमे. अशा ७०,००० हून अधिक होड्या तयार झाल्या.

प्रमुख केंद्रे : आउटवर्ड बाउंडमध्ये काम केलेल्या लान्स ली यांनी १९७२ मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यातील बाथ येथे ‘अप्रेंटिसशॉप’ स्थापन केले. पुढे ते रॉकलंड येथे स्थिरावले. पारंपरिक लाकडी होड्या उमेदवारीच्या रीतीने बांधण्याचे हे आद्य केंद्र होय. ली व फ्रेंच संपादक बेर्नार कादोरे यांच्या कल्पनेतून ‘अटलांटिक चॅलेंज’ ही स्पर्धा निघाली. १७९६ च्या फ्रेंच मोहिमेतील आयर्लंडमध्ये जतन केलेल्या एका नौकेवरून निरनिराळ्या देशांतील तरुणांनी सु. ११.६ मी. लांबीच्या प्रतिनौका बांधल्या. पहिली स्पर्धा १९८६ मध्ये न्यूयॉर्क येथे झाली.

न्यूयॉर्कमधीलच ‘रॉकिंग द बोट’ हे शहरी, अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठीचे महत्त्वाचे उदाहरण आहे. ॲडम ग्रीन यांनी १९९६ मध्ये ईस्ट हार्लेममधील एका शाळेत स्वयंसेवक म्हणून ते सुरू केले. २००१ मध्ये त्याची स्वतंत्र संस्था झाली. ब्राँक्समधील हंट्स पॉइंट येथे, ब्राँक्स नदीच्या काठी तिची कार्यशाळा आहे. तेथील माध्यमिक शाळेतील मुले प्रामुख्याने ‘व्हाइटहॉल’ प्रकारच्या वल्ह्यांच्या होड्या बांधतात. एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क बंदरात किनारा व जहाजे यांच्या दरम्यान माणसांची ने-आण करणारी ही होडी मॅनहॅटनमधील व्हाइटहॉल रस्त्याच्या नावाने ओळखली जाते. बांधलेल्या होड्यांतून मुले नदीच्या पाण्याची तपासणी व अधिवासांचे पुनरुज्जीवन ही कामे करतात. दीर्घकाळ कचऱ्याने भरलेल्या या नदीत २००७ मध्ये सु. दोन शतकांनंतर बीव्हर हा प्राणी पुन्हा दिसला. चार्ल्स डब्ल्यू. मॉर्गन या १८४१ च्या देवमाशांच्या शिकारीच्या जहाजाच्या २०१४ मधील सफरीसाठी देशातील निरनिराळ्या कार्यशाळांनी ज्या होड्या बांधल्या, त्यांत या संस्थेच्या मुलांचाही वाटा होता.

स्कॉटलंडमध्ये अँस्ट्रदर येथील मत्स्यव्यवसाय संग्रहालयाच्या पुढाकाराने २००९ मध्ये ‘सेंट एल्स’ या २२ फुटी, चार वल्ह्यांच्या होडीची योजना सुरू झाली. आराखडा इयन ऑट्रेड यांचा आहे. कापून आलेल्या सुट्या भागांतून गावकऱ्यांनी ती जोडावी व स्वतःच वल्हवावी अशी ही योजना असून तीत थोरांबरोबर शाळकरी मुलेही भाग घेतात.

बांधणीचे टप्पे व त्यांतील शिक्षण : (१) पूर्ण मापाचे रेखन : जमिनीवर होडीची खऱ्या मापाची आकृती काढतात. वरून, बाजूने व समोरून अशी तीन दृश्ये एकमेकांशी जुळावी लागतात. एकात रेघ हलविली की उरलेल्या दोन्हींत फरक करावा लागतो. भूमितीच्या पुस्तकात अवघड वाटणारा त्रिमितीचा संबंध येथे गुडघ्यांवर बसून कळतो. वक्ररेषा निर्दोष आहे की नाही हे लवचिक पट्टी खिळ्यांमध्ये वाकवून, डोळा जमिनीलगत नेऊन ठरवितात. मोजपट्टीला न दिसणारा उंचवटा सरावलेल्या डोळ्याला दिसतो.

(२) कणा व बरगड्या : कणा (कोकणात पठाण) आणि नाळेचा खांब उभे केल्यावर बरगड्या (वाक) बसवितात. ओकच्या पट्ट्या वाफेच्या पेटीत दर इंच जाडीला सु. एक तास ठेवतात. बाहेर काढल्यावर त्या वाकविण्यास थोडाच अवधी मिळतो, म्हणून कोण पट्टी आणणार, कोण दाबणार, कोण शिकंजा आवळणार हे आधीच ठरवून घ्यावे लागते. भांडायला येथे वेळ नसतो.

(३) फळ्या : होडीत सरळ रेषा जवळजवळ नसतेच. प्रत्येक फळीचा आकार आधीच्या फळीवरून उतरवून घ्यावा लागतो आणि तिच्या कडेचा कोन टोकापासून टोकापर्यंत बदलत जातो. डावी व उजवी फळी एकमेकींची प्रतिबिंबे असावी लागतात. एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूशी ताडल्यावर आपोआप उघड होते. शिक्षकाने लाल रेघ मारण्याआधी मुलाला आपली चूक स्वतःच दिसते. या पद्धतीचे सारे बळ यातच आहे.

(४) रिव्हेट ठोकणे : एकावर एक चढविलेल्या फळ्या तांब्याच्या रिव्हेटांनी जोडतात. एकाने बाहेरून जड लोखंड टेकवून धरायचे, दुसऱ्याने आतून चकती बसवून टोक ठोकायचे. हे काम एकट्याने नीट होत नाही. जोडीदाराच्या ठोक्याचा अंदाज आल्याखेरीज रिव्हेट घट्ट बसत नाही.

(५) जलावतरण : लाकडी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली की बहुधा गळते. लाकूड पाणी पिऊन फुगते, फटी मिटतात, मग गळती थांबते. हे आधी सांगून ठेवले नाही तर मुले हिरमुसतात, असा शिक्षकांचा अनुभव आहे.

साहित्य : फळ्यांना सीडर, कण्याला व बरगड्यांना ओक. नवशिक्यांसाठी प्लायवुड.

फलित : हजेरी, चिकाटी, मोठ्यांशी बोलण्याचा धीटपणा यांत सुधारणा होते, असे संस्था सांगतात. यांतील किती वाटा बांधणीचा आणि किती प्रेमळ शिक्षकांच्या सहवासाचा, हे वेगळे काढणे कठीण आहे. तयार सुट्या भागांच्या बांधणीत रेखनाचा व फळी उतरविण्याचा टप्पा वगळला जातो. म्हणून तीत वेग व यशाची खात्री अधिक, पण कारागिरी कमी मिळते, हे मान्य करावे लागते.

खर्च : मुख्यतः देणग्यांतून.

भारत : राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत वल्हविणे, शिडाच्या होड्या चालविणे व जहाजांच्या प्रतिकृती करणे शिकवितात. लाकडी होडी बांधण्याचे ज्ञान मात्र अद्याप घराण्यांतूनच पुढे जाते. फळ्या काथ्याने शिवण्याची प्राचीन पद्धत गोव्यात नव्याने वापरली गेली. याच पद्धतीने, अजिंठ्याच्या भित्तिचित्राच्या आधारे, केरळचे कारागीर बाबू शंकरन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेले ‘कौंडिण्य’ हे जहाज मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. कोकणच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढत आहेत आणि लाकडी होडी बांधणारे सुतार वृद्ध होत आहेत. त्यांचे हात चालू आहेत तोवर किनाऱ्यावरील शाळांनी त्यांना वर्गात बोलवावे आणि मुलांकडून निदान एक लहान होडी बांधून घ्यावी.