अकरा महिन्यांची भीती

मोशीचा फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरवला तेव्हा बाबांनी भाडं किती येणार ते विचारलंच नाही. त्यांचा प्रश्न एकच. "तो निघाला नाही तर?"

आमच्या घरात ही भीती जुनी आहे. २००९ साली अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झालं आणि गावात बॅगा घेतलेली मुलं खोल्या शोधत फिरायला लागली. आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आजोबांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. खोल्यांत कांदा ठेवू, पण माणूस ठेवायचा नाही! तेव्हा मी बारा वर्षांचा होतो, वाटलं म्हातारा हट्टी आहे. खरं कारण खूप नंतर कळलं.

आजोबा मस्जिद बंदरला माथाडी होते. तीसेक वर्षं चाळीतल्या एका खोलीत राहिले, भाडं महिना वीस रुपयांच्या आत. गावी परतताना घरमालकाने खोली परत मिळावी म्हणून आजोबांनाच पैसे दिले. म्हणजे बघा, आपल्याच खोलीत शिरायला मालकाने पैसे मोजले, आणि त्या पैशांतून अवसरीच्या वरच्या दोन खोल्या झाल्या. आजोबा म्हणायचे, "मी निघालो नाही, तर दुसरा कशाला निघंल?"

हे शक्य कसं झालं ते शोधत दोन शनिवार-रविवार घालवले. सुरुवात थेट पहिल्या महायुद्धात होते. १९१५ साली ग्लासगोमध्ये भाडेवाढीविरुद्ध संप झाला आणि ब्रिटिश सरकारने भाडी गोठवली. गंमत म्हणजे त्याच कायद्याने घरावरच्या गहाणकर्जाचं व्याजही गोठवलं. (माझ्या बँकेने हे वाचावं अशी फार इच्छा आहे.) १९१८ मध्ये मुंबईतही युद्धकाळापुरता भाडेकायदा आला. मग दुसरं महायुद्ध, फाळणी, शहरात लोंढे, आणि १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. त्यात जुन्या घरांचं प्रमाणित भाडं म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी जे होतं ते. कायदा ठराविक मुदतीचा होता, पण मुदत वाढवत वाढवत तो पन्नास वर्षं चालला.

भाडेकरूंची बाजू खोटी नव्हती. कायदा नसता तर आजोबांसारखे हमाल मुंबईत टिकलेच नसते. पण वीस रुपयांत मालक छप्पर कशाला दुरुस्त करील? चाळी पडायला लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारला दुरुस्ती मंडळासाठी वेगळा कायदा करावा लागला.

मालकांनी मग पळवाट काढली, ती म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स'. भाडेपट्ट्यात जागेवर भाडेकरूचा हक्क तयार होतो, लायसन्समध्ये फक्त वापरायची परवानगी. भाडेकायदा पहिल्याला लागू, दुसऱ्याला नाही. छान चाललं होतं. आणि १९७३ मध्ये सरकारने कायद्यात दुरुस्ती केली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहत असेल तो भाडेकरू समजला जाईल! ज्याने दोन वर्षांसाठी म्हणून ओळखीच्या माणसाला घर दिलं होतं, त्याचं घर एका तारखेने अडकलं. माझ्या मते बाबांच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. 'बंद ठेवलेलं परवडलं' हे शहाणपण तेव्हाच घराघरांत मुरलं असणार.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेलं प्रमाणित भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू. जुन्या भाडेकरूंना संरक्षण राहिलं, वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली, पागडी चक्क कायदेशीर झाली. पण माझ्या कामाचं कलम २४. लायसन्सची मुदत संपली की जागा सोडायची, नाहीतर दुप्पट दराने भरपाई. आणि कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर करारातल्या अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं.

अकरा महिन्यांचं गूढही इथेच सुटतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून लोक अकरावर थांबायचे. आता आपल्याकडे लायसन्स कितीही महिन्यांचं असो, नोंदवावंच लागतं. तरी अकरा काही सुटत नाही!

आता माझा हिशोब. कर्ज ३५ लाख. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर ४ वरून साडेसहा टक्के झाला आणि माझा साडेसव्वीस हजारांचा हप्ता बत्तीस हजारांना टेकला. मेंटेनन्स अडीच हजार. फ्लॅटचे १७ हजार येणार, आणि मी मित्राबरोबर साडेसहा हजारांत राहणार. म्हणजे महिना साडेचौतीसऐवजी चोवीस हजार जाणार. दलालाला एक भाडं आणि फ्लॅट मध्येच रिकामा राहिला तर तोही महिना यातून वजा. ऑफिसमधले सीनियर म्हणतात, पूर्वी भाड्याच्या घराचं सगळं व्याज दाखवून भरपूर कर वाचायचा. ते २०१७-१८ पासून संपलं; तोटा पगारातून वळता करायला दोन लाखांची मर्यादा आली, आणि नव्या कररचनेत तर वळता करताच येत नाही. तेव्हा करासाठी कुणी हे करू नये. मी हप्त्यासाठी करतोय.

अवसरीच्या खोल्या आजोबा गेल्यावर बाबांनी मुलांना दिल्याच. कागद नाही, काही नाही. मुलं चार वर्षांनी पेढे देऊन जातात. असो.

काल एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. भाडेकरू नवरा-बायको, दोघं चाकणला नोकरीला. "अकरा महिने टाकू ना?" एजंटने सवयीने विचारलं.

म्हटलं, चोवीस टाका.

बाबांना अजून सांगितलेलं नाही.