मृतांची साक्ष

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान मुंबईहून दुबईला निघाले आणि दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ जणांपैकी एकही वाचला नाही. तरीही कॉकपिटमधले अखेरचे बोलणे चौकशीपुढे आले, कारण समुद्रातून ध्वनिमुद्रक हाती लागला. या ‘ब्लॅक बॉक्स’चा माग काढताना मी डेव्हिड वॉरन या ऑस्ट्रेलियन रसायनशास्त्रज्ञापर्यंत पोहोचलो.

वॉरन यांचा जन्म १९२५ चा. वडील मिशनरी होते. ऑक्टोबर १९३४ मध्ये ते ज्या विमानात होते, ते ‘मिस होबार्ट’ बासच्या सामुद्रधुनीवर बेपत्ता झाले. नऊ वर्षांच्या डेव्हिडला त्यांनी दिलेली शेवटची भेट म्हणजे एक क्रिस्टल रेडिओ. त्यातून त्याला रेडिओ जुळवण्याचा छंद लागला. पित्याच्या मृत्यूने पुत्राला यंत्र सुचले, असे लिहून मोकळे व्हायचा मोह मलाही झाला होता. पण मधली वीस वर्षे तशी सोडून देता येत नाहीत. मुलगा इंधनाचा तज्ज्ञ झाला आणि मेलबर्नच्या वैमानिकी संशोधन प्रयोगशाळेत लागला.

खरी ठिणगी पडली ती कॉमेट विमानांच्या अपघातांमुळे. त्यांपैकी एक आपल्याकडचाच. २ मे १९५३ रोजी कोलकात्याहून उडालेले कॉमेट वादळात सापडून तुटले; ४३ जण दगावले. भारतातल्या चौकशीने वादळी झोत किंवा वैमानिकाच्या हातून सुटलेले नियंत्रण, अशा शक्यता मांडल्या. वैमानिक उत्तर द्यायला नव्हता. कॉमेटच्या सांगाड्यातच धातूच्या थकव्याचा दोष होता, हे नंतरच्या अपघातांच्या तपासात उघड झाले.

कॉमेटची चर्चा चालू असताना वॉरन यांना प्रदर्शनात पाहिलेला खिशात मावणारा जर्मन ध्वनिमुद्रक आठवला. तसा एखादा विमानात असता तर? १९५४ मध्ये त्यांनी ही कल्पना टिपणात मांडली आणि मग नमुना बनवला. पोलादी तारेवर चार तासांचे संभाषण आणि उपकरणांची मापे त्यात टिपली जात.

मायदेशी स्वागत थंडच झाले. नागरी उड्डाणाला याचा तातडीचा उपयोग नाही, असे अधिकाऱ्यांचे मत पडले. वैमानिकांच्या संघटनेला तर हा डोक्यावर बसवलेला हेर वाटला. १९५८ मध्ये प्रयोगशाळेत आलेल्या सर रॉबर्ट हार्डिंगहॅम या ब्रिटिश अधिकाऱ्याने मात्र महत्त्व ओळखले आणि वॉरन यांना यंत्रासह इंग्लंडला नेले. १९६० मध्ये क्वीन्सलँडमधल्या मकाय येथे विमान पडून २९ जण मेले. त्या चौकशीनंतर ऑस्ट्रेलियाने कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण सक्तीचे केले. असे करणारा तो पहिलाच देश.

वैमानिकांची भीती मला खोटी वाटत नाही. आपल्या कामावर सतत कान रोखलेला कोणाला आवडेल? पण नोंद नसली की संशय बहुधा मेलेल्यावरच जातो, हे कोलकात्याने दाखवले होते. वांद्र्याच्या नोंदीने कोणाचीच बाजू घेतली नाही. कॅप्टनसमोरचे विमानाचा कल दाखवणारे उपकरण बिघडले होते, हे तिने सांगितले. आणि त्या भरवशावर विमान चुकीच्या बाजूला कलवले गेले, हेही.

वॉरन २०१० मध्ये वारले. ज्यांना त्या पेटीने बोलते केले, त्यांच्यापैकी कोणीच त्यांचे आभार मानायला उरलेले नव्हते.