डाळपुरीचा प्रवास आणि मॉरिशसचा धडा

"डॉक्टर, तेल बदललं, कोलेस्टेरॉल उतरलं, मग साखर का उतरत नाही?" हा प्रश्न दवाखान्यात मला नेहमी ऐकायला मिळतो. त्याचं उत्तर एका भरलेल्या पोळीच्या इतिहासात सापडतं.

ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद होत असताना मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ भारतीय पोर्ट लुईला पोहोचले. त्यांच्यामागून लाखो माणसं गेली. बहुतेक भोजपुरी भागातली, तर काही मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसं. त्यांच्या शिध्यात तांदूळ आणि डाळ असे. बिहारची डाळपुरीही त्यांच्यासोबत गेली. आज ती तिथे रस्तोरस्ती मिळते: मऊ पोळीत शिजवून दळलेली पिवळी डाळ, वर घेवड्याची रस्साभाजी आणि चटणी, दोन पुऱ्यांची जोडी कागदात गुंडाळलेली.

मळ्यात दिवसभर राबणाऱ्या शरीराला हे अन्न पचत होतं. पुढे कष्ट कमी झाले, खाणं तेच राहिलं. १९८७ च्या पाहणीत मॉरिशसमध्ये मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आढळलं. तेव्हा सरकारने स्वस्त शिध्याच्या तेलात पामतेलाऐवजी मुख्यतः सोयाबीन तेल आणलं. पाच वर्षांत लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल सुमारे १५ टक्क्यांनी उतरलं. मधुमेह मात्र कमी झाला नाही! तेल हा एकच दोषी नव्हता. मैदा आणि बैठं काम होतंच, वजन तर वाढलं होतं.

म्हणून डाळपुरी सोडू नका, घरी नीट करा. हरभऱ्याची डाळ तीन-चार तास भिजवून, हळद घालून शिजवा. बोटाने दाबली तर तुटावी, पण लगदा होऊ नये. पाणी पूर्ण निथळा आणि त्याच पाण्यात कणीक सैलसर भिजवा. डाळ कोरडी वाटून जिरेपूड व थोडं मीठ घाला. पुरणासारखी भरून पातळ लाटा, तव्यावर थेंबभर तेलावर भाजा. आत काकडी, कांदा, टोमॅटो आणि हिरवी चटणी घालून गुंडाळी करा.

हरभऱ्याची डाळ साखर हळूहळू वाढवते, शिवाय प्रथिनं आणि तंतू देते. मैद्याऐवजी कणीक घेतल्याने तंतू आणखी वाढतात. तरीही पोळी ती पोळीच! जेवणात एक, फार तर दोन खा. सोबत भात नको. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डाळीचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

पुढच्या वेळी तेलाची बाटली बदलाल, तेव्हा ताटातल्या पोळ्याही मोजा.